ठेवीचा आकडा आणि पैशाची खरी किंमत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी सहा पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती. त्यांतील प्रश्नाचा गाभा तेवढा येथे ठेवला आहे. उदाहरणांतील रकमा कोणत्याही चलनात धरल्या तरी गणित बदलत नाही, म्हणून चलनाचे नाव मुद्दाम घातलेले नाही.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मी मुदत ठेवीत ठेवली आणि व्याजही ठेवीतच मिळवत गेले. दहा वर्षांत रक्कम जवळजवळ पावणेदोनपट झाली, तरी पूर्वी सहज परवडणारा खर्च आता जड जातो. माझा हिशेब कुठे चुकला?

उत्तर : आपला हिशेब चुकलेला नाही, तो अपुरा राहिला आहे. पासबुकात दिसते ती रकमेची वाढ. संसाराला उपयोगी पडते ती खरेदीशक्तीची वाढ. पहिलीला अर्थशास्त्रात नाममात्र वाढ म्हणतात आणि दुसरीला वास्तव वाढ. व्याजाच्या बाबतीत या दोहोंची सांगड घालणारे समीकरण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांच्या नावाने ओळखले जाते, आणि ते कोणालाही घरी बसून मांडता येईल इतके सोपे आहे.

समजा, ठेवीवर वर्षाला ७ टक्के व्याज मिळते आणि महागाईचा दर ६ टक्के आहे. सातातून सहा वजा करून आपण एक टक्का लाभ झाला असे म्हणतो. काटेकोर हिशेबात १.०७ ला १.०६ ने भागावे लागते आणि वास्तव लाभ ०.९४ टक्के येतो. १,००,००० ची ठेव दहा वर्षांनी १,९६,७१५ होते. पण त्याच दहा वर्षांत १०० ला मिळणारी वस्तू १७९ ला मिळू लागलेली असते, त्यामुळे त्या १,९६,७१५ मध्ये होणारी खरेदी सुरुवातीच्या काळातील सुमारे १,०९,८०० एवढीच असते. आता यात प्राप्तिकर मिळवा. व्याजावर २० टक्के कर लागत असेल, तर हातात येणारा दर ५.६ टक्के उरतो, दहा वर्षांनी रक्कम १,७२,४४० होते आणि तिची खरेदीशक्ती मात्र सुमारे ९६,३०० एवढीच भरते. म्हणजे ठेव जवळजवळ पावणेदोनपट झाली हेही खरे आणि आपण दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित गरीब झालात हेही खरे. कराचा भाग येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे, कारण कर सहसा संपूर्ण नाममात्र व्याजावर आकारला जातो. व्याजाचा जो भाग केवळ महागाईने झालेली झीज भरून काढतो, ज्याला लाभ म्हणणेच योग्य नाही, त्यावरही तो द्यावा लागतो.

आपण व्याज ठेवीतच मिळवत गेलात, त्यामुळे घट थोडक्यात राहिली. जे निवृत्त लोक दरमहा सगळे व्याज काढून खर्च करतात आणि 'मुद्दलाला हात लावला नाही' असे समाधान मानतात, त्यांच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. वरच्याच उदाहरणात त्यांची १,००,००० ची मुद्दल दहा वर्षांनंतरही कागदावर १,००,००० च असते. पण तिच्यात सुरुवातीच्या काळातील जेमतेम ५५,८०० ची खरेदी होते. त्यांनी मुद्दलाला हात लावला होता, फक्त तो पासबुकात कुठेही दिसला नाही.

अशा हिशेबासाठी ७२ चा नियम हाताशी ठेवावा. ७२ ला वार्षिक दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते साधारणपणे कळते. इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात हा नियम आढळतो, म्हणजे तो पाच शतकांहून जुना आहे. ८ टक्क्यांनी पैसे ९ वर्षांत दुप्पट होतात, आणि ६ टक्के महागाईत वस्तूंच्या किमती १२ वर्षांत दुप्पट होतात. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या व्यक्तीने ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंतचा विचार करायचा असेल, तर किमती दोनदा दुप्पट होतील हे गृहीत धरूनच तो करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. जाहीर होणारा महागाईचा दर हा सरासरी कुटुंबाच्या खरेदीच्या यादीवरून काढलेला असतो. आपल्या खर्चात औषधोपचाराचा वाटा मोठा असेल आणि औषधोपचार सरासरीपेक्षा वेगाने महाग होत असतील, तर आपली स्वतःची महागाई जाहीर आकड्याहून अधिक असते. जुन्या हिशेबाच्या वह्या जपल्या असतील, तर पाच वर्षांपूर्वीचा आणि या वर्षीचा नेहमीचा खर्च शेजारी-शेजारी मांडून पाहा. आपल्यापुरता तोच सर्वांत विश्वासार्ह निर्देशांक आहे. मात्र हे वाचून सगळ्या ठेवी मोडून त्या शेअरबाजारात नेऊ नयेत. पुढील तीन-चार वर्षांत लागणारी रक्कम ठेवीतच असावी, कारण तिथे तिच्याकडून वाढीपेक्षा हजर असण्याची अपेक्षा आहे. त्यापलीकडची, दहा-पंधरा वर्षे न लागणारी रक्कम कुठे ठेवायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि चढ-उतार सोसण्याची आपली तयारी पाहूनच त्याचे उत्तर ठरवावे लागते.

प्रश्न : महागाई ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली असे सांगतात, पण एकाही वस्तूची किंमत कमी झालेली दिसत नाही. मग हे आकडे खरे मानायचे का?

उत्तर : आकडे खरे असू शकतात, कारण ते किमतींची पातळी सांगत नसून किमती वाढण्याचा वेग सांगतात. १०० ची वस्तू पहिल्या वर्षी १०८ ची झाली आणि दुसऱ्या वर्षी ११२.३२ ची झाली, तर महागाई निम्म्यावर आली आणि वस्तू तरीही महागच झाली. गाडीचा वेग कमी झाला म्हणजे ती मागे येऊ लागली असे होत नाही.

किमती खरोखर खाली याव्यात अशी आपली इच्छा समजण्यासारखी आहे. एखाद्या वस्तूच्या बाबतीत, उत्पादनाची पद्धत सुधारल्यामुळे, तसे घडले तर ते चांगलेच. पण सर्वच किमती एकदम घसरू लागतात तेव्हा वेतने आणि व्यवसायांचे उत्पन्नही घसरते, आणि कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहतो. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेत किमती सुमारे चतुर्थांशाने उतरल्या, तेव्हा कर्जदारांचा प्रत्यक्ष बोजा वाढत गेला आणि कर्जे फेडण्यासाठी लोक मिळेल त्या भावाने मालमत्ता विकू लागल्यामुळे किमती आणखी उतरल्या. फिशर यांनीच १९३३ साली ही साखळी उलगडून दाखवली. म्हणूनच आज अनेक मध्यवर्ती बँका महागाई शून्यावर न ठेवता २ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगतात.

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी आहे. सरकारला नोटा छापता येतात, तर त्या छापून गरिबांना का वाटत नाहीत? 'महागाई वाढेल' हे उत्तर मला पाठ आहे, पण ती नेमकी का वाढते ते समजलेले नाही.

उत्तर : पाठ असलेल्या उत्तरावर आपण थांबला नाहीत, याचा आनंद वाटतो. नोट ही स्वतः संपत्ती नाही; समाजात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवांमधून आपला वाटा मागण्याचा तो अधिकार आहे. धान्य, घरे, औषधे, शिक्षकांचे श्रम एका रात्रीत दुप्पट होत नाहीत, पण छापखान्यात अधिकार दुप्पट करता येतात. तेवढ्याच वस्तूंवर दुप्पट अधिकार हक्क सांगू लागले की प्रत्येक अधिकाराच्या वाट्याला निम्मी वस्तू येते, आणि त्यालाच आपण किंमत दुप्पट झाली असे म्हणतो.

हे टोकाला गेल्याचे सर्वांत परिचित उदाहरण जर्मनीचे आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क मिळत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क मिळू लागले. त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवे चलन आणले गेले आणि एक लाख कोटी कागदी मार्कांची किंमत एक रेंटेनमार्क ठरली. हंगेरीत जुलै १९४६ मध्ये किमती सुमारे पंधरा-पंधरा तासांत दुप्पट होत होत्या. या घटनांतून जो धडा अभ्यासक्रमात बहुधा निसटतो, तो वाटपाचा आहे. जर्मनीत आयुष्यभराची बचत ठेवींमध्ये आणि रोख्यांमध्ये ठेवलेला मध्यमवर्ग धुऊन निघाला, तर ज्यांच्यावर मोठी कर्जे होती त्यांची कर्जे रद्दीच्या भावाने फिटली. अतिरिक्त नोटांमुळे संपत्ती निर्माण झाली नाही, ती बचत करणाऱ्यांच्या हातून कर्जदारांच्या हाती गेली, आणि त्या कर्जदारांत सरकार सर्वांत मोठे होते. गरिबांच्या नावाने छापलेली नोट अशा वेळी गरिबालाच सर्वाधिक छळते, कारण त्याच्याकडे किमतींबरोबर वाढणारी जमीन किंवा इमारत नसते. त्याचे जे काही असते ते रोखीतच असते.

याच्या दोन मर्यादाही लिहून ठेवा. पहिली अशी की, कारखाने बंद आणि माणसे बेकार असतील, तर बाजारात आलेल्या जादा पैशाने काही काळ उत्पादनच वाढते, किमती तेवढ्या वाढत नाहीत. चलन वाढले की त्याच प्रमाणात किमती वाढतातच, असा यांत्रिक नियम नाही. २००८ च्या वित्तीय संकटानंतर अनेक प्रगत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी प्रचंड प्रमाणात पैसा निर्माण केला, पण त्यातील बराच बँकांच्या राखीव निधीतच पडून राहिला आणि किमती त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. दुसरी मर्यादा अशी की, आजच्या अर्थव्यवस्थेत बहुतांश पैसा छापखान्यात जन्मालाच येत नाही. बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या खात्यावर ठेव जमा करते आणि तेवढा पैसा त्या क्षणी नव्याने अस्तित्वात येतो. कर्ज फिटले की तो नाहीसा होतो. त्यामुळे 'पैसा किती आहे' हा प्रश्न मोठ्या प्रमाणात 'कर्जे किती दिली जात आहेत' असा विचारावा लागतो, आणि मध्यवर्ती बँक व्याजदराची कळ हाती ठेवते ती याचसाठी.

प्रश्न : माझ्यावर दोन कर्जे आहेत : वाहनाचे तीन वर्षांचे, १० टक्के 'फ्लॅट' दराचे, आणि घराचे वीस वर्षांचे, ९ टक्क्यांचे. दरमहा थोडी रक्कम उरते. दोन्ही दर जवळपास सारखेच असल्याने कर्जे चालू ठेवून गुंतवणूक करावी असे वाटते. योग्य होईल का?

उत्तर : दोन्ही दर जवळपास सारखे आहेत, हेच मुळात खरे नाही, आणि आपली दिशाभूल येथूनच सुरू होते. घराच्या कर्जावरील ९ टक्के हे घटत्या शिलकेवर आकारले जातात, म्हणजे जेवढी मुद्दल फेडायची उरली आहे तेवढ्यावरच. 'फ्लॅट' दरात मात्र तीनही वर्षे मूळ संपूर्ण रकमेवर व्याज धरतात. १,००,००० वर १० टक्क्यांनी तीन वर्षांचे ३०,००० व्याज आधीच मिळवून १,३०,००० चे ३६ हप्ते पाडले, तर प्रत्येक हप्ता सुमारे ३,६११ चा होतो. पण आपण दर महिन्याला मुद्दल परत करत असता. अखेरच्या वर्षी आपल्याकडे त्या एक लाखापैकी थोडीच रक्कम असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चाललेले असते. हेच हप्ते घटत्या शिलकेच्या पद्धतीत बसवले, तर दर सुमारे १८ टक्के निघतो. म्हणून कोणतेही कर्ज घेताना 'घटत्या शिलकेवरचा वार्षिक दर किती' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

आता निर्णयाकडे येऊ. अर्थशास्त्रात संधी-खर्च नावाची कल्पना आहे : एका कामाला लावलेल्या पैशाचा खरा खर्च म्हणजे त्याच पैशाने साधता आले असते त्यांपैकी सर्वोत्तम असे दुसरे काम. १८ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे १८ टक्के परतावा मिळवणे, तोही निश्चित आणि ज्यावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही असा. इतका खात्रीचा परतावा कोणतीही प्रामाणिक गुंतवणूक देऊ शकत नाही. तेव्हा वाहनाचे कर्ज आधी. फक्त एक पडताळणी करावी : 'फ्लॅट' पद्धतीच्या काही करारांत मुदतीपूर्वी कर्ज मिटवले तरी उरलेल्या व्याजात पूर्ण सूट मिळत नाही किंवा दंड लागतो. आज कर्ज मिटवायला एकूण किती भरावे लागेल तो आकडा मागून घ्या आणि तो उरलेल्या हप्त्यांच्या बेरजेशी ताडून पाहा. त्या फरकातच आपला खरा लाभ आहे.

त्याही आधी, तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला काढलेली नसेल, तर ती काढावी. व्याज वाचवण्यासाठी शिलकीतील सगळे पैसे कर्जात भरणारे लोक मी पाहिले आहेत. पुढच्याच आजारपणात त्यांना क्रेडिट कार्डाचा आधार घ्यावा लागतो. महिन्याला ३ टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतो.

घराच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. १,००,००० चे वीस वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ९०० येतो. पहिल्या हप्त्यातील ७५० व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम १५० ने कमी होते. निम्मी मुद्दल फिटायला दहा नव्हे, सुमारे चौदा वर्षे लागतात. यामुळे सुरुवातीच्या काळात जादा भरलेल्या छोट्या रकमेचाही परिणाम मोठा होतो : पहिल्यापासून दरमहा ९०० ऐवजी १,००० भरले, तर कर्ज सुमारे साडेपंधरा वर्षांत संपते आणि एकूण व्याजात जवळजवळ ३०,००० ची बचत होते. तरीही ९ टक्क्यांचे हे कर्ज ठेवून दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी असे कोणी म्हणाले, तर मी ते चूक ठरवणार नाही. तुलना मात्र नीट करावी. एका बाजूला निश्चित ९ टक्के आहेत आणि दुसऱ्या बाजूला अपेक्षित, कदाचित १२, कदाचित उणे ५. निश्चित आणि सरासरीने अपेक्षित अशा या दोन दरांमधील अंतर म्हणजे जोखीम पत्करण्याचा मोबदला. तो आपल्याला पुरेसा वाटतो का, एवढेच ठरवायचे आहे. नोकरी अस्थिर असेल तर माझा कौल कर्ज फेडण्याच्या बाजूने आहे.

प्रश्न : वीस वर्षे मुदतीच्या आयुर्विम्याचे हप्ते भरले आणि सुदैवाने काहीच घडले नाही. आता मुदत संपली आणि हाती काही आले नाही. पैसे वाया गेले, असे पती म्हणतात.

उत्तर : वाया गेले नाहीत, ते खर्च झाले, आणि त्या खर्चातून वीस वर्षांचे संरक्षण मिळाले. एका वयाच्या हजार व्यक्तींपैकी वर्षाला साधारण दोन दगावतात असे धरा. प्रत्येकाने १,००० चा विमा घेतला, तर भरपाईसाठी २,००० लागतील, म्हणजे व्यवस्थापनाचा खर्च वगळता प्रत्येकी २. कोण दगावेल ते कोणालाच ठाऊक नसते, पण किती दगावतील ते बऱ्याच अचूकतेने सांगता येते, आणि विम्याचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे. धूमकेतूमुळे परिचित असलेले एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशी कोष्टके तयार केली होती. आपले हप्ते ज्या घरांवर आघात झाला त्यांच्याकडे गेले. आघात आपल्या घरावर झाला असता तर त्यांचे आपल्याकडे आले असते.

प्रश्न : सरकारी कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात मी रक्कम ठेवली, कारण सरकार पैसे बुडवत नाही. व्याजदर वाढल्याची बातमी आली आणि माझ्या गुंतवणुकीचे मूल्य घटले. व्याज वाढल्यावर मला जास्त मिळायला हवे ना?

उत्तर : नव्याने रोखे घेणाऱ्याला जास्त मिळेल, आपल्या फंडात जुने रोखे आहेत. १,००० चा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा घ्या. तो दरवर्षी ७० देतो आणि शेवटी १,००० परत करतो. उद्या बाजारात तशाच रोख्यावर ८० मिळू लागले, तर ७० देणारा रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? त्याची किंमत सुमारे ९३३ पर्यंत उतरली, की नव्या घेणाऱ्यालाही ८ टक्के सुटतात आणि तिथे ती स्थिरावते. व्याजदर चढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते आणि दर उतरला की ती चढते.

सरकार पैसे बुडवणार नाही, ही आपली खात्री योग्य होती. पण ती एकाच जोखमीबद्दलची होती. दुसरी जोखीम मुदतीची आहे. वरच्या रोख्याचे एकच वर्ष उरले असते, तर त्याच दरवाढीने त्याची किंमत केवळ ९९१ पर्यंत आली असती. मुदत जितकी लांब, तितका धक्का मोठा. ही चूक सामान्य गुंतवणूकदारच करतात असे नाही. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचा केव्हाही मागता येणारा पैसा मोठ्या प्रमाणात दीर्घ मुदतीच्या सुरक्षित रोख्यांत गुंतवला होता. २०२२ पासून व्याजदर झपाट्याने वाढले, रोख्यांची किंमत घसरली, ठेवीदार एकदम पैसे मागू लागले आणि मार्च २०२३ मध्ये बँक बंद पडली. ते रोखे बुडीत निघाले नव्हते. मुदतपूर्तीपर्यंत थांबता आले असते, तर त्यांचे पूर्ण पैसे मिळाले असते.

आपल्याला थांबता येणार आहे का, ते पाहा. फंडाच्या मासिक माहितीपत्रकात त्यातील रोख्यांची सरासरी मुदत दिलेली असते. ती सात-आठ वर्षे असेल आणि आपल्याला पैसे आठ-दहा वर्षांनीच लागणार असतील, तर आजची घट पाहून बाहेर पडू नका, कारण फंडातील रोखे जसजसे परिपक्व होतील, तसतसा त्यांचा पैसा नव्या, चढ्या दराच्या रोख्यांत जाईल आणि झीज भरून निघत राहील. पैसे दोन वर्षांतच लागणार असतील, तर फंड बदलून अल्पमुदतीच्या रोख्यांचा घ्यावा, जरी आज थोडे नुकसान सोसावे लागले तरी. किती किमतीला घेतला होता, हा प्रश्न या निर्णयात आणू नका. तो पैसा गेलेला आहे, आणि उरलेला कधी लागणार आहे तेवढ्यावरच पुढचे ठरवायचे आहे.